कुलाब्याच्या किल्ल्याजवळचं डांबर

पायाला चिकटलेलं डांबर रॉकेलने निघतं, हे मला अलिबागच्या एका दुकानदाराने शिकवलं. साल 1979, फेब्रुवारी महिना. कर्जतहून आमच्या शाळेची सहल निघाली होती. सातवीचे दोन वर्ग, दोन एस.टी. गाड्या, खोपोली-पेण मार्गे अलिबाग. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड हे नाव मिळालं 1981 साली. ज्या किल्ल्याच्या नावाचा आपला जिल्हा, तो किल्ला मुलांनी डोळ्यांनी बघावा असा माझा हट्ट. ओहोटी लागली की किनाऱ्यावरून किल्ल्यात चालत जाता येतं. कान्होजी आंग्रे, आरमार, किल्ल्यातली गोड्या पाण्याची विहीर, सगळं मी घोकून गेले होते.

मुलं परत आली ती काळे पाय घेऊन. खडकांच्या कडेला आणि भरतीच्या रेषेत डांबरासारखे गोळे पडले होते. उन्हाने मऊ झालेले, वरून वाळू लागलेली, त्यामुळे पाय पडेपर्यंत कळायचं नाही. कुणाच्या चपला गेल्या, कुणाचे फ्रॉक. पाण्याने घासलं तर अजूनच पसरतं. शेवटी त्या दुकानदाराने रॉकेलची बाटली आणि गोणपाटाचे तुकडे दिले आणि मी आणि आमचे शिपाईमामा दोघांनी मुलांचे पाय पुसले. परतीच्या प्रवासात गाडीभर रॉकेलचा वास.

तर गाडीत मुलांनी विचारलं, "बाई, हे समुद्रात कुठून आलं?"

मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "बॉम्बे हायवरून."

माझं बरोबरच होतं असं मला वाटत होतं. 1974 च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं. मी नोकरीला लागले तेही 1974 सालीच, त्यामुळे ते वर्ष माझ्या पक्कं डोक्यात. 21 मे 1976 ला तिथून तेल काढायला सुरुवात झाली. 1978 साली समुद्राच्या तळातून नळ टाकून ते तेल उरणला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आणलं. आणि लगेच पुढच्या वर्षी अलिबागला मुलांच्या पायाला डांबर! दोन आणि दोन चार झाले की नाही?

मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "बाई, कशावरून?"

मी म्हटलं, "पेपर वाचत जा."

सगळी मुलं हसली, तो गप्प बसला. मीही विसरले. पण ते वाक्य मात्र माझ्या शिकवण्यात कायमचं येऊन बसलं. भूगोलात खनिज तेलाचा धडा आला की मी अलिबागचं डांबर सांगायची, रॉकेलची बाटली सांगायची, आणि "हे आपल्या बॉम्बे हायचं" हेही सांगायची. 2010 साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे एकतीस वर्षं. किती मुलांना सांगितलं असेल ते तुम्हीच मोजा.

माझी भाची गोव्यात रसायनशास्त्र शिकली. काही वर्षांपूर्वी दिवाळीत ती आमच्याकडे कर्जतला आली होती. फराळाच्या वेळी विषय निघाला आणि मी नेहमीप्रमाणे अलिबागची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे चकली संपवली आणि विचारलं, "मावशी, कशावरून?"

तोच शब्द! मला एकदम ती एस.टी. आठवली.

"मावशी, तू इतिहास शिकवलास ना? मग सनावळी बघ की. बॉम्बे हायचं तेल निघायच्या आधी किनाऱ्यावर डांबर येत नव्हतं का?"

इथे मी अडकले. कारण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. कार्य आधी आणि कारण नंतर असं होत नाही, हे मुलांना इतिहासात किती वेळा शिकवलं असेल! आणि माझ्या स्वतःच्या गोष्टीत मी ते तपासलंच नाही.

मग तिने जे सांगितलं, आणि त्यानंतर मी जे वाचत गेले, ते लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. माझे विद्यार्थी यातलं काही वाचत असतील तर त्यांनी ही माझी उशिरा आलेली शुद्धिपत्रिका समजावी.

पहिली गोष्ट सनावळीची. थॉर हायरडाल हा नॉर्वेचा धाडसी माणूस 1970 साली पपायरस गवताच्या ‘रा-2’ नावाच्या नावेतून अटलांटिक महासागर ओलांडून गेला. सत्तावन्न दिवसांचा प्रवास. नाव पाण्याला अगदी लागून, त्यामुळे मोठ्या जहाजावरून जे दिसत नाही ते त्याला दिसलं. भर समुद्रात, जमिनीपासून शेकडो मैल दूर, डांबराचे गोळे तरंगत होते, एक-दोन दिवस नव्हे, तर बहुतेक दिवस. त्याने ते संयुक्त राष्ट्रसंघाला कळवलं. म्हणजे हे काही आपल्याच समुद्राचं दुखणं नव्हतं.

आपल्याकडे गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. 1960 ते 1965 या काळात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराचा अभ्यास केला, त्या मोहिमेतून 1 जानेवारी 1966 ला ही संस्था उभी राहिली. या संस्थेतल्या धारगळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या डांबरगोळ्यांवर निबंध लिहिला, तो छापला गेला 1977 साली. छापला 1977 ला, म्हणजे किनाऱ्यावर फिरून गोळे वेचण्याचं काम त्याच्या आधीचं. उरणपर्यंतचा नळ तेव्हा पडलाही नव्हता. त्याच दशकात 1974 च्या सप्टेंबरमध्ये ‘ट्रान्सह्युरॉन’ नावाचं तेलवाहू जहाज लक्षद्वीपच्या किल्तान बेटाजवळ खडकावर चढलं आणि त्यातलं तेल समुद्रात गेलं होतं. शिवाय आखातातून तेल घेऊन पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांची वाट अरबी समुद्रातूनच जाते.

आणि या जहाजांची एक पद्धत होती, ती ऐकून मी थक्क झाले. जहाज तेल उतरवून रिकामं झालं की हलकं होतं, समुद्रात डुलायला लागतं. म्हणून त्याच टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचं. पुढच्या बंदरात तेल भरायच्या आधी टाक्या धुवायच्या आणि ते सगळं खरकटं पाणी वाटेत समुद्रात सोडून द्यायचं. टाकीच्या तळाला आणि भिंतींना जो मेणचट गाळ बसतो, तो या धुण्याबरोबर जातो. आपण तेलाचा डबा धुऊन मोरीत ओततो ना, तसंच, फक्त मोरी अरबी समुद्राएवढी. 1973 आणि 1978 च्या आंतरराष्ट्रीय करारांनी यावर बंधनं घातली आणि तेलासंबंधीचे नियम 1983 च्या ऑक्टोबरपासून लागू झाले. आमची सहल त्याच्या आधीची.

म्हणजे डांबर बॉम्बे हायचं असेल किंवा नसेल. पण ओळखायचं कसं? गोळ्यावर नाव थोडंच लिहिलेलं असतं?

भाची म्हणाली, लिहिलेलं असतं. वाचता यायला हवं.

हे वाचायला माणूस कसा शिकला ती गोष्ट मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगते. पाण्यावर तेल टाकलं की लाट शांत होते हे खलाश्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं. बेंजामिन फ्रँकलिन, तोच अमेरिकेचा, लंडनमध्ये असताना क्लॅपहॅम इथल्या तळ्यावर गेला आणि त्याने चमचाभर तेल पाण्यावर ओतलं. ते पसरत पसरत अर्धा एकर पाणी काचेसारखं गुळगुळीत झालं. हे त्याने 1774 साली प्रसिद्ध केलं. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे! मी वहीत गणित मांडून पाहिलं. चमचा पाच मिलिलिटरचा धरला तर त्या थराची जाडी मिलिमीटरचा साधारण चार लाखावा भाग येते. रेणूच्या जाडीचाच हा थर, पण फ्रँकलिनच्या काळी रेणू कुणाला माहीत!

त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी हे पुढे नेलं ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या एका घरात बसलेल्या मुलीने. अॅग्नेस पॉकेल्स तिचं नाव. मुलींना तेव्हा तिथल्या विद्यापीठात प्रवेश नव्हता. आईवडील आजारी, घरचं सगळं हिच्याकडे. भांडी धुताना पाण्यावर तेलकटपणाचा जो थर येतो त्याच्याकडे ती बघत राहिली. मग तिने पत्र्याचं एक लांबट भांडं केलं, त्यावर आडवी पट्टी ठेवली आणि पट्टी सरकवून थर दाबायचा, पसरवायचा, आणि पाण्याला टेकवलेलं बटण उचलायला किती जोर लागतो ते तराजूने मोजायचं. दहा वर्षं हे चाललं होतं. शेवटी तिने इंग्लंडच्या लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञाला जर्मनमध्ये पत्र लिहिलं. त्या भल्या माणसाने त्याचा अनुवाद करवून घेतला आणि 1891 साली ‘नेचर’ या नियतकालिकात स्वतःची शिफारस जोडून छापवला. पुढे 1932 साली, सत्तरीच्या घरात, तिला मानाची डॉक्टरेट मिळाली. मी आयुष्यात लाखभर भांडी घासली असतील, माझ्या डोक्यात कधी पाण्यावरच्या तवंगाचा विचार आला नाही. असो.

समुद्रावरही असाच एक थर असतो. मिलिमीटरपेक्षाही बारीक. त्यात सगळंच तेल नसतं बरं का. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती, मेलेले मासे, त्यांची चरबी, प्रथिनं, साखरेसारखे पदार्थ, असं बरंच काही वर येऊन साचतं. वारा नसताना समुद्रावर जे गुळगुळीत पट्टे दिसतात ते बऱ्याचदा याचेच असतात. कोळी लोकांना ते नीट ओळखता येतात. पण हा थर उचलायचा कसा? बादली बुडवली तर खालचंच पाणी जास्त येणार. 1965 साली गॅरेट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने तारेची जाळी आडवी धरून पाण्याला टेकवायची आणि अलगद उचलायची, अशी युक्ती प्रसिद्ध केली. जाळीच्या भोकांत फक्त वरचं पाणी अडकतं. पुढे कुणी काचेची पट्टी उभी बुडवून हळूच वर काढायला आणि तिच्यावरचा थर मोटारीच्या वायपरसारख्या रबराने निपटून घ्यायला सुरुवात केली. साय काढण्याचेच प्रकार हे.

आता उचललेल्या थरात किंवा डांबराच्या गोळ्यात काय काय आहे ते कसं ओळखतात? त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र असतं. भाचीने मला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. नेरळहून माथेरानला पायी चढायला शंभर माणसं एकदम सोडा. तरुण पोरं पुढे पळतील, आपल्यासारखी गुडघेदुखीवाली मागून येतील. वर कुणीतरी घड्याळ घेऊन बसलाय आणि कोण केव्हा पोचला ते लिहून घेतोय. तसं या यंत्रात केसासारख्या बारीक, लांबच लांब नळीतून तेलाची वाफ सोडतात. हलके रेणू आधी बाहेर पडतात, जड मागून. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला दुसरं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, फोडून त्याच्या तुकड्यांची वजनं घेतं. त्यावरून हा कोण ते कळतं. कागदावर डोंगरांच्या रांगेसारखी शिखरं उमटतात. प्रत्येक तेलाची रांग वेगळी.

पण समुद्रात पडलेलं तेल तसंच्या तसं राहत नाही. हलका भाग उडून जातो, ऊन लागतं, लाटांनी घुसळून पाणी मिसळतं, जिवाणू त्यातला सोपा भाग खाऊन टाकतात. मग खूण कशाची धरायची? तर जे सहजासहजी खाल्लं जात नाही त्याची. होपेन नावाची संयुगं अशी चिवट असतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या पेशींच्या आवरणात जे द्रव्य होतं त्याचं हे उरलेलं हाड म्हणा. (होपेन हे नाव होपिया या झाडांवरून आलं, त्यांच्या राळेत या जातीची द्रव्यं पहिल्यांदा सापडली म्हणून.) कुठल्या होपेनचं कुठल्याशी काय प्रमाण, हे त्या त्या तेलाचं वैशिष्ट्य असतं. ओलिएनेन नावाचं आणखी एक द्रव्य फुलझाडांपासून येतं. पृथ्वीवर फुलझाडं पसरल्यानंतर गाडल्या गेलेल्या गाळातून जे तेल झालं त्यात ते सापडतं, जसं आग्नेय आशियातल्या तेलात. आखाती तेल बहुतेक जुन्या समुद्री गाळातलं, त्यात ते सहसा नसतं. कधी कधी दोन ठिकाणच्या तेलांच्या या खुणाही सारख्या निघतात, तेव्हा कार्बन-12 आणि कार्बन-13 यांचं प्रमाण पाहतात.

मला यातलं रसायन किती कळलं देव जाणे. पण पद्धत मात्र ओळखीची वाटली. जुनं पत्र सापडलं की त्यावरचं नाव खोटं असू शकतं, तारीख खोडलेली असू शकते. मग कागद कुठला, शाई कुठली, मोडीचं वळण कुठल्या काळातलं, हे बघतात. जे सहज बदलता येतं त्यावर विसंबायचं नाही. तेच हे.

तर निकाल. 2010 च्या सुमारास गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्यात पडलेले गोळे समुद्रविज्ञान संस्थेच्या सुनील, वेदमणी वगैरे शास्त्रज्ञांनी तपासले. बॉम्बे हायच्या तेलाचा नमुनाही सोबत तपासला. 2013 साली निबंध प्रसिद्ध झाला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की गोळे जहाजांच्या टाक्या धुण्यातून आलेले आहेत, तेल आग्नेय आशियातल्या जातीचं आहे, बॉम्बे हायचं नाही.

हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. हसाल तुम्ही. पण एकतीस वर्षं!

दुसऱ्या दिवशी भाचीला फोन केला. म्हटलं, बाई गं, मी सगळ्यांना खोटं शिकवलं. तर ती म्हणाली, "मावशी, थांब. अजून एक वाच."

त्याच शास्त्रज्ञांनी 2012 च्या जुलैमध्ये दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावरून, तिथल, मरोली, उंबरगाव, नारगोळ इथून बारा गोळे गोळा केले. उंबरगाव म्हणजे आपल्या डहाणूच्या पलीकडेच. या वेळी तुलनेला अनेक ठिकाणची तेलं घेतली. त्यात ‘एमएससी चित्रा’ जहाजाचं तेलही होतं. शिवाय वारे आणि प्रवाह संगणकावर मांडून गोळे कुठून वाहत आले असतील तेही पाहिलं. 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हे गोळे बॉम्बे हायच्याच तेलाचे, आणि तेही उत्तरेकडच्या विहिरींच्या भागातले.

म्हणजे एकच समुद्र, दोन वर्षांच्या अंतराने वेचलेले गोळे, आणि गोव्याला गुन्हेगार वेगळा, गुजरातला वेगळा. आणि आमचं अलिबाग दोघांच्या मधे! 1979 च्या डांबराचा एकही तुकडा कुणी जपून ठेवलेला नाही. तो सगळा गोणपाटाला पुसून आम्ही अलिबागच्या उकिरड्यावर टाकला. तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर कायमचं गेलं. मी चूक होते की बरोबर, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. चूक एवढीच सिद्ध होते की तेव्हा मला माहीत नव्हतं आणि मी माहीत आहे असं सांगितलं.

‘चित्रा’ तुम्हाला आठवत असेलच. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडलं, त्यावरचे मोठमोठे कंटेनर समुद्रात पडून तरंगायला लागले, शेकडो टन तेल सांडलं. उरण, मांडवा, अलिबागकडच्या किनाऱ्यांवर आणि तिवरांच्या मुळांवर काळा लेप बसला. मी नुकतीच निवृत्त झाले होते. बातम्या बघताना मी घरात म्हटलं होतं, बघा, या वेळी तरी कुणाचं तेल ते कळलं. खरं आहे. जहाज डोळ्यांसमोर कलंडलेलं असलं की क्रोमॅटोग्राफ लागत नाही. पण रात्रीच्या अंधारात टाकी धुऊन पुढे गेलेल्या जहाजाचं काय? त्याच्यासाठीच ही सगळी यातायात.

आता आपल्या दाराशी येते. इतकी वर्षं मी समुद्राकडे बोट दाखवत होते, पण कर्जत आणि खालापूर काय समुद्रापासून तुटलेले आहेत? राजमाचीच्या डोंगरातून आलेली उल्हास कर्जतवरून बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीत जाते. खोपोलीची पाताळगंगा खालापूर तालुका ओलांडून आपट्यावरून धरमतरच्या खाडीला मिळते, आणि ती खाडी रेवसला उघडते. रेवस ते अलिबाग किती ते सांगायला नको. म्हणजे आमच्या सहलीची एस.टी. ज्या गावाला गेली, जवळपास तिथेच आमचं पाणीही आधीपासून जात होतं. त्यातही गंमत अशी की टाटांच्या खोपोली (1915) आणि भिवपुरी (1922) वीजघरांतून या दोन नद्यांना मिळणारं पाणी मुळात घाटावरचं. लोणावळा, वळवण, शिरोता ही धरणं इंद्रायणीच्या खोऱ्यातली, ठोकळवाडी आंद्रा नदीवरचं. ते पाणी भीमेतून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला जायचं. शंभर वर्षांपूर्वी ते वळवून आपल्याकडे सोडलं, ते येतं अरबी समुद्रात.

या बारमाही पाण्यावर पाताळगंगेच्या काठी कारखाने आले. मोहोपाड्याकडच्या त्या भागाचं नावच पडलं रसायनी. पनवेल-रोहा मार्गावर त्या नावाचं रेल्वे स्टेशनही आहे. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी 1960 साली स्थापन झाली आणि इथे नायट्रोबेन्झीन, अॅनिलीन अशी सेंद्रिय रसायनं होऊ लागली. खालापूर तालुक्यातल्या किती घरांचे संसार त्या पगारावर उभे राहिले ते मला माहीत आहे, माझे कितीतरी विद्यार्थी तिथे होते. 2017 साली सरकारने तिथले तोट्यातले विभाग बंद करायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या घरची उदासी मी पाहिली आहे. सत्तरच्या दशकात तिथेच हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचा डीडीटीचा कारखाना आला.

डीडीटी म्हटलं की मला माझं लहानपण आठवतं. हिवतापाची माणसं पाठीला पंप लावून यायची, भिंतींवर पांढरा फवारा मारायची आणि दारावर तारीख लिहून जायची. आमच्या आजीला ती तारीख फार पवित्र वाटायची. ती ओलांडून पुढची फवारणी होईपर्यंत पुसू द्यायची नाही. कर्जतच्या जंगलपट्टीत हिवतापाने माणसं मरत होती आणि डीडीटीने ती वाचली, हे मी कुणासमोरही सांगेन. पण डीडीटी पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. आणि समुद्रावरच्या त्या बारीक थरात चरबीही असते. 1969 साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या बिस्केन उपसागरात शास्त्रज्ञांनी पाहिलं तर गुळगुळीत पट्ट्यांमध्ये कीटकनाशकं आजूबाजूच्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त साठलेली होती. साय जशी दुधातला स्निग्धांश गोळा करते तसा हा थर असली विषं गोळा करतो. आणि कितीतरी माशांची अंडी तरंगतात ती नेमकी याच थराला लागून. शेतीत डीडीटी वापरायला आपल्याकडे 1989 साली बंदी झाली.

डांबराचा गोळा निदान दिसतो, पायाला चिकटतो, रॉकेल मागतो. हे दुसरं दिसत नाही. त्याला कुणी पाय पुसायला लावत नाही, म्हणून माझ्या एकतीस वर्षांच्या शिकवण्यात ते कधी आलंही नाही.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाचा शोध लावला. तो आता साठीच्या जवळ आला आहे, खोपोलीला असतो. दोन-तीन जणांना विचारून नंबर मिळवला आणि फोन केला. म्हटलं, अरे, तू मला सहलीला एक प्रश्न विचारला होतास, मी तुला गप्प केलं, ते माझं चुकलं. त्याला काहीच आठवत नव्हतं. उलट तोच ओशाळला. म्हणाला, "बाई, मला एवढंच आठवतं की तुम्ही माझे पाय रॉकेलने पुसले होते."

मागच्या पावसाळ्यात नातवाला घेऊन किहीमला गेलो होतो. लाटा उंच होत्या म्हणून पाण्यात गेलो नाही, वाळूवरच फिरलो. भरतीच्या रेषेत काळे गोळे होतेच, लहान, सुपारीएवढे. नातवाच्या टाचेला एक लागला. "आजी, हे कुठून आलं?" मी म्हटलं, मला माहीत नाही, पण शोधता येतं. भाचीला फोन लावला, तर ती म्हणाली, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात घालू नकोस, प्लास्टिकमधली रसायनं त्यात उतरतात. काचेची बाटली घे, नाहीतर पोळ्या गुंडाळतो तो अॅल्युमिनियमचा कागद. हाताने धरू नकोस, चमच्याने उचल. जागा आणि तारीख लिहून ठेव. माझ्या पर्समध्ये पोळीचा कागद होताच.

गोळा आता आमच्या फ्रीजरमध्ये आहे, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, चिठ्ठी लावून. सूनबाईंना ते फारसं पसंत नाही. भाची पुढच्या खेपेला घेऊन जाणार आहे म्हणते. नातवाची टाच मात्र खोबरेल तेलाने पुसली, रॉकेल आता घरात कुठे असतं? निघतं त्याने. जरा जास्त वेळ चोळावं लागतं.